वजा मृदुला

पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या प्रयोगशाळेत वगळयंत्र एकदाचं तयार झालं, आणि नको ती बुद्धी सुचली ती खुद्द प्रमुख डॉ. मृदुला केळुसकरांनाच.

"आता मला वगळून बघ," त्या सहकारी इंद्रजित घोलपला म्हणाल्या.

एखाद्या प्रकल्पाच्या साऱ्या नोंदी आणि बोलणी या यंत्राला दिली की ते त्याची प्रतिकृती उभी करी. मग एक माणूस सुरुवातीपासूनच वगळायचा आणि प्रतिकृती आजपर्यंत चालवायची. त्याच्यावाचून किती अडलं असतं ते कळे. चाचणीसाठी सगळ्यांनी मिळून स्वतःचाच, म्हणजे हे यंत्र बनवण्याचाच, प्रकल्प निवडला होता. इंद्रजितला वगळल्यावर काम एक तृतीयांशाने उणं भरलं, संख्याशास्त्रज्ञ रझिया तांबोळीला वगळल्यावर निम्म्याने. तेव्हापासून रझिया भलतीच तोऱ्यात होती.

मृदुलाबाईंना मात्र स्वतःच्या आकड्याची धास्ती होती. कित्येक वर्षांत त्यांनी एक समीकरण मांडलं नव्हतं. त्यांच्या टेबलाजवळ एक स्टूल असे. ज्याचं काम अडेल त्याने चहाचा कप घेऊन तिथे बसायचं, हा इथला रिवाज. बाई सगळं ऐकून घेत आणि बहुतेक वेळा एवढंच म्हणत, "हे तू अमक्याला विचार." आणि याचा त्यांना पगार मिळे!

"शून्य आलं तर राजीनामा," त्यांनी जाहीर केलं. "देवगडला बहिणीची बाग आहे. तिथे निदान आंबे तरी मोजेन."

"काहीतरीच काय मॅडम!" इंद्रजित म्हणाला, पण बाईंचा चेहरा पाहून त्याने मुकाट्याने कळ दाबली.

बराच वेळ घरघर झाली. पडदा कोराच राहिला.

"आकडाच येईना की ओ," इंद्रजित गडबडला. त्याने पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा कोरा.

शून्यसुद्धा नाही! मृदुलाबाईंना फार वाईट वाटलं. आयुष्यभराच्या कामाची यंत्राने दखलही घेऊ नये? त्या ड्रॉवरमधलं सामान पिशवीत भरू लागल्या.

"थांबा हो बाई," रझिया म्हणाली. "इंद्रजित, आपण मोजतो कसं?"

"प्रतिकृतीत शेवटी जे वगळयंत्र बनतं, त्याला एक गणित घालतो. ते किती सुटलं, त्यावरून आकडा."

"आणि तिथे यंत्रच बनलं नसेल तर?"

इंद्रजितने आ वासला. "मग गणित घालणार कुणाला?"

त्यांनी ती प्रतिकृती उघडून पाहिली. दुसऱ्याच वर्षी तिथला इंद्रजित एका गणितापाशी अडला होता. उत्तर शेजारच्या खोलीत रझियाकडे होतं. पण तिला विचारायला तो गेला नाही, आणि तिला त्याची अडचण कळलीच नाही. वैतागून त्याने नोकरी सोडली. पाठोपाठ रझियाही गेली. पुढे त्या खोल्यांना कुलूपच दिसत होतं.

"मी असा अडून बसलेलो?" इंद्रजित ओशाळला.

"बसलाच होतास. पण इथे स्टुलावर," रझिया म्हणाली. "बाईंनी तुला माझ्याकडे पिटाळलं म्हणून निभावलं."

मृदुलाबाईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यांनी पिशवीतलं सामान एकेक करून ड्रॉवरमध्ये परत ठेवलं. देवगडचे आंबे बहिणीने पेटीतून पाठवले तरी चालणार होतं.

इंद्रजित मात्र विचारात पडला होता. थोड्या वेळाने तो चहाचा कप घेऊन आला आणि स्टुलावर बसला.

"अडलंय मॅडम. ज्याच्यावाचून कामच उभं राहत नाही, नेमक्या त्याच माणसाला हे यंत्र कोरा पडदा दाखवतंय. लोक त्याला कामावरून काढून टाकतील की! काय करायचं?"

मृदुलाबाईंनी चहाचा घोट घेतला. उत्तर त्यांना मुळीच ठाऊक नव्हतं, आणि आज पहिल्यांदाच त्याची लाज वाटली नाही.

"हे तू रझियाला विचार," त्या म्हणाल्या.