हिरवट, पण हिरवा नाही

सदर भागातल्या त्या रंगाच्या दुकानात मी शिरले ती रंग घ्यायला नव्हे, कूलरची हवा खायला. मे महिन्यातली दुपार, ऑटो मिळेना, आणि दुकानाच्या दारातून ओल्या वाळ्याचा थंड वास बाहेर येत होता. काउंटरमागे एकजण डब्याचं झाकण ठोकून बसवत होता. त्याने मान वर केली आणि विचारलं, कोणता रंग पाहिजे?

आता कूलर पाहिजे असं थोडंच सांगता येतं. मी म्हणाले, "हिरवट... पण हिरवा नाही."

दुसरा कोणी असता तर शेडकार्ड पुढे सरकवून मोकळा झाला असता. याने हातोडी खाली ठेवली. "कुठं पाह्यला होता तुमी?"

आणि मी सांगत बसले. खोटं काहीच नव्हतं. बेसा भागात आम्ही नवा फ्लॅट घेतला होता, बुद्धपौर्णिमेला तिथे बुद्धवंदना ठेवली होती, आणि आईची नि माझी खोली रंगवायची राहिली होती. आईच्या खोलीला मला हवा होता तो इंदोरा वस्तीतल्या आमच्या पहिल्या घराचा रंग. भाड्याची दीड खोली. मी नऊ वर्षांची होईपर्यंत आम्ही तिथे राहिलो. आईने ती अशी सजवली होती की पाहुणे चहा विसरून बघत बसत. मधल्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी, भोवती निळ्या बल्बांची माळ. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. जुन्या साडीचा पडदा, फुटक्या बांगड्यांचं तोरण, आणि शोकेसमध्ये सोनेरी काठाचे सहा कप — ज्यांतून कोणीही, कधीही चहा प्यायला नाही. ते फक्त बघायचे होते.

आणि या सगळ्यावर तो रंग. कैरीच्या फोडीसारखा, थंडगार. बाबांनी स्वतःच्या हाताने लावलेला, अशी माझी पक्की आठवण. बाबा म्हणजे देवराव गुरुजी; त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या हातचं दुसरं काही माझ्याकडे उरलं नव्हतं, म्हणून मला तो रंग हवा होता. एवढं मात्र मी बोलले नाही. अनोळखी माणसाला किती सांगायचं?

"उद्या या," तो म्हणाला. "करून पाहू."

त्याचं नाव प्रशिक. दुकान मामाचं, रंग मिसळायची मशीन याच्या हातात. पहिला नमुना बघून मी म्हणाले, हा पोपट आहे. दुसरा बघून म्हणाले, हा सरकारी दवाखाना. त्याने गंभीर चेहऱ्याने दोन्ही कार्डांमागे पेन्सिलीने तसंच लिहून ठेवलं, पोपट आणि दवाखाना. त्याच्या कानाच्या पाळीवर निळ्या रंगाचा एक सुकलेला ठिपका होता. सांगावं की नाही, या विचारात मी घरी पोचले.

तिसऱ्या वेळी मी फोटो घेऊन गेले. माझा सातवा वाढदिवस, मागे तीच भिंत. त्याने फोटो दारातल्या उजेडात धरला आणि बराच वेळ सोडेचना.

"हा फ्रॉक कोणत्या रंगाचा होता?"

पांढरा होता, मी सांगितलं, आणि केकही पांढराच. पण का? तो नुसता "असंच" म्हणाला आणि गालात हसला. मला वाटलं, माझ्या दोन वेण्यांना हसतोय.

मग चौथा नमुना, पाचवा, सहावा... प्रत्येक वेळी तो काहीतरी विचारायचा. खिडकी कोणत्या अंगाला होती? दुपारी दार उघडं असायचं का? अंगणात काय होतं? याचा रंगाशी काय संबंध, मला कळेना. पण इतके प्रश्न मला आजवर कोणी विचारले नव्हते. ऑफिसात बसल्या बसल्या मी उत्तरं आठवायची. ऑटो समोर येऊन थांबला तरी जाऊ द्यायची. आईच्या नजरेतून हे सुटलं असतं तर ती सिंधूताई कसली. ती म्हणाली, "काहून वं, रंग पाहून राहिली का रंगवाला?"

वंदना चार दिवसांवर आली. पिंटू पेंटरचे रोज फोन. शेवटी मीच म्हणाले, ते घरच जाऊन बघू या. प्रशिकने का कोण जाणे, हातातलं कार्ड दोनदा उलटंपालटं केलं. मग त्याने स्कूटरची किल्ली उचलली.

घरमालकीण रंभाबाईंनी मला आवाजावरून ओळखलं. खोलीत आता गाद्या रचलेल्या होत्या. भिंती पांढऱ्या. मी विचारलं, आमचा रंग कोणी काढला?

"कोणता रंग?" त्या म्हणाल्या. "तवाही चुनाच होता, आताही चुनाच हाय. तुले घामोळ्या व्हायच्या म्हणून गुरुजीनं शिडीवर चढून अंगणावर हिरवा फायबरचा पत्रा टाकला होता. त्याचाच उजेड पडे साऱ्या घरात. फुटला तवा काढून मागं ठेवला."

मी भिंतीला हात लावून उभी राहिले. वीस वर्षं जो रंग उराशी धरला तो भिंतीला कधी नव्हताच. बाबांनी रंग नव्हता लावला... माझ्या घामोळ्यांसाठी ऊन गाळून घेतलं होतं. रडू आलं, तेही रंभाबाईंच्या गाद्यांसमोर.

मग प्रशिककडे लक्ष गेलं. तो आपल्या चपलांकडे बघत होता, आणि त्याला जराही आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"फोटो पाहूनच समजलं. पांढरा फ्रॉक हिरवा दिसून राहिला होता. केकपन."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर..." तो अडखळला. "तर तुमी परत काहून आल्या असत्या?"

मला राग आला, अगदी खरा. मी इथे बाबांना शोधत होते आणि हा मला नमुन्यांवर नमुने दाखवत होता. मी ऑटो करून एकटीच निघून आले. पिंटूला सांगितलं, पांढरा मार. तीन दिवस मी सदरच्या त्या गल्लीकडे फिरकले नाही, आणि तीन दिवस माझं कशातच लक्ष लागलं नाही. राग असा नसतो, हे मला कळत होतं.

वंदनेच्या आदल्या दुपारी बेल वाजली. दारात प्रशिक, मागे पिंटू, आणि दोघांच्या मधे घासूनपुसून धुतलेला हिरवा पत्रा. रंभाबाईंकडून मागून आणला, फुटका भाग कापून टाकला, एवढंच तो म्हणाला. आमचा मजला सगळ्यांत वरचा, आईच्या खोलीच्या गॅलरीला छप्पर नव्हतं. तो स्टुलावर चढला. स्टूल डुगडुगत होतं, म्हणून मी धरलं. दुसरं काही कारण नव्हतं.

शेवटचा स्क्रू बसला आणि खोलीत कैरीच्या फोडीचा रंग उतरला.

आई तसबिरी घेऊन येत होती, ती दारातच थांबली. तिने आपला हात पुढे धरून उलटासुलटा करून पाहिला. "हे तर गुरुजीचं ऊन हाय," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून आत निघून गेली.

गॅलरीत आम्ही दोघंच उरलो. त्याच्या कानावरचा ठिपका अजून तिथेच होता.

"राग गेला?" त्याने विचारलं.

"नाही." मी त्याच्याकडे बघितलं. "पण फोटो पाहिला त्याच दिवशी तुम्ही सांगितलं असतं ना... तर जास्त आला असता."

त्याला कळायला एक क्षण लागला. मग तो कानापर्यंत हसला.

"माझी खोली अजून रंगवायची आहे," मी म्हणाले.

"कोणता रंग?"

"ठाऊक नाही. पुष्कळ नमुने बघावे लागतील."

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. ट्रेमध्ये दोन कप होते, सोनेरी काठाचे. प्रशिकने एक उचलला, ओठांशी नेला, आणि तिथेच थांबला. पहिल्या दिवशी सांगितलेलं त्याला सगळं आठवत होतं.

"हा... शोकेसमधला?" त्याने हळूच विचारलं.

"हो," मी म्हणाले. "प्या. थंड होईल."