पाटा बांधणाऱ्याची जागा

पांझरेच्या पात्रात एक जीप दगडावर पोट टेकून अडकली होती. देवपूरकडून सायकलवर येणारा पंडित ती बघून थांबला. भाद्रपदातली रिमझिम चालू होती. जीपमध्ये स्टेअरिंग धरून एक बाई बसली होती. पांढरं पातळ, ओले केस, कपाळाला आठी.

“नुसतं बघून निघणार आहे का ती?” बाई म्हणाली.

“मी मिस्त्री आहे. आधी बघतोच.”

“बघून झालं असेल तर ढकला.”

त्याने खांदा लावला. चाक फिरलं, चिखल उडाला आणि जीप दगडावरून उतरली. पंडित डोक्यापासून कमरेपर्यंत माखला होता. बाईने मागे वळून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

“हसताय?”

“छे… खोकला आहे.”

ती लताबाई. मूळची पहूरची, देवपूरच्या धर्मादाय दवाखान्यात नर्स. पहूरला वडिलांचा, म्हणजे आबांचा, केळी वाहणारा ट्रक होता. त्यावरच ती गाडी शिकली होती. साक्रीच्या पलीकडच्या पाड्यांवर बाळंतपणं करायला ती दर आठवड्याला जायची, आणि लढाईनंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली ही जीप दर आठवड्याला कुठेतरी अडकायची.

दुसऱ्या दिवशी ती जीप घेऊन आग्रा रोडवर झुलालनानांच्या गॅरेजात आली. पंडित तिथेच कामाला होता.

“शांतीलालशेठ म्हणतात, जीप विका,” ती म्हणाली. दवाखाना शेठच्याच पैशावर चालायचा. “शनिवारी शेवटची फेरी. वडपाड्याला जाऊन दिवेलागणीला जीप दवाखान्याच्या दारात उभी दिसली तर ठीक. नाही तर पाड्यांची फेरी बंद, आणि मला जळगावच्या दवाखान्यात पाठवणार.”

“जळगाव काय वाईट आहे?”

“तिथे मामा आहेत. मामांनी एक मुलगा बघून ठेवलाय.”

पंडितने मान खाली घातली आणि जीपखाली शिरायला गेला. खांदे अडकले. इतकी जीप खाली बसली होती.

“चाकांवरचे पाटे दबलेत, स्प्रिंगच्या पट्ट्या,” तो म्हणाला. “चारही पाट्यांत एकेक पट्टी वाढवतो, कड्या लांब करतो. गाडी चार बोटं वर येईल. मग दगड खालून जातील.”

“पडणार नाही ना?”

“वळणावर हळू घ्यावी लागेल.”

“मी हळूच घेते.”

“नदीत बघितलं ना काल.”

नानांच्या मागच्या आवारात मोडीत निघालेला एक लष्करी ट्रक होता. त्याच्या पाट्यांतून त्याने पट्ट्या काढल्या, भट्टीत तापवून त्यांना बाक दिला. लताबाई दवाखाना सुटला की यायची, उपड्या डब्यावर बसायची, चहा मागवायची. गॅरेजात सगळे त्याला पंडितभाऊ म्हणत. ती म्हणायची, “मिस्त्री.” कधी नुसतंच, “अहो.” हे त्याच्या लक्षात आलं होतं. लक्षात आलंय हे तिच्याही लक्षात आलं होतं.

नानांच्या गॅरेजचा एक रिवाज होता. ज्याने पाटा बांधला, त्याने पहिल्या फेरीत गाडीत बसायचं. पाट्याचा आवाज बांधणाऱ्यालाच कळतो, असं नाना म्हणत. हा रिवाज कोणी मोडला नव्हता.

शनिवारी सकाळी जीप उंच, ऐटीत उभी होती. लताबाईने शेजारच्या सीटवरची औषधांची पेटी उचलून मागे ठेवली.

“बसा.”

समोरच्या चहाच्या दुकानातली माणसं बघत होती. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. पंडितने ते पाहिलं. एकटी बाई, एकटा माणूस, रानातला रस्ता…

“मला इथे काम आहे,” तो म्हणाला. “तुम्ही या जाऊन.”

तिने पेटी पुन्हा पुढच्या सीटवर ठेवली.

“बरं, पंडितभाऊ.”

जीप गेली. तो शब्द मात्र तिथेच राहिला.

“तू गया नही?” नानांनी अहिराणीत विचारलं.

“लोके काय म्हणतीन, नाना.”

“लोके बठ्ठं म्हणतस, काय भी म्हणतस. पाटा तू बांधा शे, लोकेसनी नही.”

दुपारी एक मोटार दुरुस्तीला आली. पंडितने तिला जॅक लावला. गाडी वर उचलली गेली, चाकं खाली लोंबली, आणि चेसीच्या सांगाड्यापासून चाकांकडे जाणारा ब्रेकचा रबरी पाईप ताणला गेला. तो त्या पाईपकडे बघत राहिला.

जीप चार बोटं उंच केली होती. पाईप जुनाच होता, तेवढाच. खड्ड्यात चाक लोंबलं की तो ताणणार. एकदा, दोनदा… मग तुटणार. तेल वाहून जाणार आणि चारही चाकांचा ब्रेक जाणार. वडपाड्याहून परतताना नदीकडे मोठा उतार होता. तो आज गाडीत असता तर पहिल्याच खड्ड्यात त्याने वाकून पाहिलं असतं.

नानांनी त्या पाईपकडे पाहिलं आणि ओळखलं. मोडीतल्या ट्रकचा लांब पाईप काढून त्याच्या हातात दिला आणि ब्रेकच्या तेलाची बाटली फडक्यात गुंडाळली.

सुरत रोडवर त्याला भुईमुगाच्या शेंगांचा ट्रक मिळाला. ट्रक रमतगमत चालला होता. ड्रायव्हर बायकोच्या तक्रारी सांगत होता, पंडित हो हो करत होता. डोळ्यांसमोर उतार होता. उलटलेली जीप होती. ते चित्र पांढऱ्या पातळापर्यंत आलं की तो बाहेर बघायला लागायचा.

वडपाड्याच्या फाट्यावर उतरून तो पळाला. नदी गुडघाभर होती, तीही पार केली. आणि पलीकडे उताराच्या पायथ्याशी जीप दिसली. सरळ उभी. चाकापुढे दगड. बाजूला लताबाई, ओली, हाताची घडी घालून.

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, गळ्यात पाईप अडकवलेला.

“ब्रेक गेला,” ती म्हणाली. “उतार सुरू होतानाच गेला. आबा म्हणायचे, उतारावर ब्रेकच्या भरवशावर राहू नये. पहिल्या गिअरमध्ये उतरवली.”

“चूक माझी आहे. पाईप लांब करायचा राहिला. मी बरोबर असतो तर…”

“नव्हतात ना.”

“नव्हतो.”

“का?”

तो जीपखाली शिरला. आता खांदे अडकले नाहीत. त्याने नवा पाईप जोडला, तेल भरलं. पण पाईपात हवा राहिली की ब्रेक लागत नाही, आणि हवा काढायला दोन माणसं लागतात. एक खाली, एक पेडलवर.

“दाबा.”

“दाबलं.”

“धरून ठेवा… आता सोडा. पुन्हा दाबा.”

चिखलात पाठ टेकून त्याला तिचा फक्त पाय दिसत होता. चप्पल दगड आणताना नदीत गेलेली, पाय अनवाणी. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच बहुधा त्याला बोलता आलं.

“लोक काय म्हणतील म्हणून आलो नाही,” तो म्हणाला. “ट्रकमध्ये बसलो तेव्हा लोकांपैकी एकही आठवला नाही. तुम्हीच दिसत होतात. तुम्ही जळगावला जाऊ नये असं मला वाटतं, लताबाई. पाड्यांसाठी नाही म्हणत. माझ्यासाठी म्हणतोय.”

पेडल तसंच दाबलेलं.

“ऐकलंत का?”

“ऐकलं. तुम्ही सोडा म्हणाला नाहीत, म्हणून धरून बसलेय. पाय दुखतोय.”

“सोडा, सोडा.”

तो बाहेर आला तेव्हा ती खाली वाकली होती. त्याच्या कपाळावरचं तेल तिने पदराने पुसलं. सावकाश, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

“आबांच्या ट्रकला वर्षभर चांगला मिस्त्री मिळत नाहीये,” ती म्हणाली. “येऊन भेटा त्यांना. आधी ट्रकचं बोला.”

“आणि मग?”

“मग ते तुम्हाला चहा देतील. चहाबरोबर चिवडा आला तर दुसरं बोला. नुसताच चहा आला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा ट्रक बघायला या.”

ऊन पिवळं झालं होतं. दिवेलागणीपर्यंत देवपूर गाठायचं होतं आणि मध्ये दोन नाले होते. गाठता येईल की नाही, हे दोघांनाही सांगता आलं नसतं. लताबाईने पुढच्या सीटवरची पेटी उचलून मागे ठेवली.

“बसा,” ती म्हणाली. “पाटा बांधणारा बसलाच नाही, म्हणजे पहिली फेरी अजून झालेलीच नाही.”

पंडित बसला. जीप नदीत शिरली. पाणी खालून गेलं, दगड खालून गेले. तो वाकून पाट्याचा आवाज ऐकत राहिला.

देवपुरात शिरले तेव्हा रस्त्यावर माणसं होती आणि ती बघत होती. दवाखान्याच्या पायरीवर शांतीलालशेठ उभे होते. आत गड्याने कंदिलाची काच पुसायला घेतली होती, वात अजून लावायची होती.

“हे कोण?” शेठनी विचारलं.

लताबाईने गाडी बंद केली. “हे पंडित,” ती म्हणाली. “यापुढे दर फेरीला बरोबर असतील.”

भाऊ ती म्हणाली नाही.