बुटकी स्टेपनी

भुतं रात्रीच येतात असा एक गैरसमज आहे. हे भरदुपारी आलं होतं. आणि तेही सीटचा पट्टा न लावता.

हसायचं असेल तर हसून घ्या. पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही. हे घडलं माझ्या काकांच्या बाबतीत. काका म्हणजे सख्ख्या मावशीचे यजमान, गुराढोरांचे डॉक्टर. थापा मारायला जी कल्पनाशक्ती लागते ती त्यांच्याकडे औषधालाही नाही, ही मावशीची जन्मभराची तक्रार.

मावशी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

दुपार धुक्याची होती. काका डोंगरावरच्या गोठ्यातून अडलेल्या गाईला मोकळं करून परत येत होते. वळणावर टायर पंक्चर झाला. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह, चिखलात हत्तीसारखी चालणारी. पण हवा गेली की हत्तीही बसतो. काकांनी मागचं दार उघडून स्टेपनी बाहेर काढली.

आणि तिच्याकडे नुसतेच बघत राहिले.

ती मावशीनं आणली होती. नवरा स्टेपनीशिवाय डोंगर हिंडतो म्हणून तिचा जीव कायम टांगणीला. मावशी शिवणकाम करायची. एके दिवशी तिनं शिवणाची टेप घेऊन गुपचूप चाकाचं माप घेतलं आणि जुन्या सामानाच्या बाजारातून स्टेपनी पैदा केली. रिम जुळली, नटांची भोकं जुळली. टायरची उंची मोजायची तेवढी राहिली.

"हे काय गं? शर्टाचं माप घेतलंस की काय? गाडीचा एक पाय आखूड!" काका पोट धरून हसले होते.

"बुटकं म्हणून हिणवू नका," मावशी म्हणाली होती. "या घरात बुटक्यांनीच संसार ओढलाय."

मावशी काकांच्या खांद्यालाही लागत नसे. रस्त्यानं बरोबर चालताना त्यांचं एक पाऊल पडेपर्यंत हिची दोन व्हायची.

तिला गाडी शिकायची होती. काका म्हणायचे, "पुढच्या महिन्यात." मग ती अंगणात उभ्या असलेल्या गाडीत सीट पार पुढे ओढून बसायची आणि जागच्या जागी वळणं घ्यायची. सकाळी काका घाईत चढले की गुडघे स्टिअरिंगवर आपटायचे.

"अगं, सीट मागे करत जा ना!"

"मग शिकवा."

पुढचा महिना आला. मावशी नव्हती.

काकांनी स्टेपनी बसवली. रस्ता निसरडा, म्हणून फोर-व्हील टाकला. गाडी निघाली, ती एका अंगाला ओढ घेतच. शेजारच्या सीटकडे. एक चाक लहान असलं की गाडी त्या बाजूला जाणारच, त्यात भुताटकी काही नाही.

पण मग...

टिंग.

शेजारी माणूस बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजते ती घंटी. सीटवर औषधांची बॅग राहिली असेल म्हणून काकांनी पाहिलं.

बॅग मागे होती.

टिंग... टिंग...

मावशीला पट्ट्याचा तिटकारा. कपड्यांची इस्त्री मोडते म्हणायची. काका, इतक्या वर्षांच्या सवयीनं, रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "पट्टा लाव गं."

खट्.

घंटी थांबली.

काकांनी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर शेजारी बघावं लागलं असतं.

पंक्चर दुसऱ्या दिवशी काढून झालं. चाक मात्र त्यांनी बदललं नाही. रोज निघाले की टिंग, रोज "पट्टा लाव गं", रोज खट्. हळूहळू काका तिला गोठ्यांवरच्या बातम्या सांगायला लागले. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या कुत्र्यानं पट्टी खाल्ली. "डॉक्टर सावरले हो," असं लोक कौतुकानं म्हणू लागले.

गॅरेजच्या मिस्त्रीला मात्र कौतुक नव्हतं.

"डॉक्टर, गाडी खालून रडतेय. फोर-व्हीलमध्ये चारही चाकांनी जोडीनं फिरायचं. हे बुटकं बाकीच्यांना गाठायला जास्त फेरे मारतंय. सगळा ताण गिअरबॉक्सवर. तेलात लोखंडाचा चुरा उतरलाय."

"माहीत आहे मला."

"मग काढू?"

"पुढच्या महिन्यात बघू," काका म्हणाले. आणि मग आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं.

तो महिना गिअरबॉक्सनं काढू दिला नाही. पुन्हा डोंगरावरून बोलावणं आलं. तीच गाय नव्हे, तिची बहीण. अर्ध्या चढावर गाडी जाम झाली. पुढे जाईना, मागे येईना. काका बॅग खांद्याला मारून चिखलातून पायी चढले.

पोचले तेव्हा वासरू गार झालं होतं. गाय त्याला चाटत होती. एकसारखी चाटत होती.

गोठ्याच्या मालकानं हात धुवायला गरम पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी दुरुस्त व्हायला बरेच दिवस गेले. मिस्त्रीनं शेवटी चाकाला पाना लावला, तेव्हा काका म्हणाले, "थांब जरा." आत जाऊन आपल्या जागेवर बसले. किल्ली फिरवली.

टिंग... खट्. या वेळी सांगावंही लागलं नाही.

"उतर गं," काका म्हणाले. "आता नाही जमायचं. जनावरं मरतात."

बाहेर मिस्त्री पाना घेऊन ताटकळत उभा...

मग पट्टा सुटल्याचा आवाज. आणि एकदाच, अगदी हळू... टिंग.

बुटकी स्टेपनी काकांनी घरी आणली, पुसून लख्ख केली, शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवली. येताना गाडी सरळ चालली होती. इतकी सरळ की त्यांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गाडीत चढले.

गुडघे स्टिअरिंगवर आपटले.

सीट पार पुढे ओढलेली होती.

तेव्हापासून रोज तेच. मागे सरकवली तरी सकाळी पुढे. हल्ली ते सरकवतच नाहीत. एवढा उंच माणूस, गुडघे पोटाशी घेऊन डोंगर चढतो. बघणारे हसतात.

"काका, गाडीला कुलूप तरी लावा," मी म्हटलं.

"नको रे. शिकतेय ती." चहात बिस्कीट बुडवावं इतक्या सहज म्हणाले.

शेजारी बसून शिकवतं कोण, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

काल सकाळी ते आत चहा घेत असताना मी शेडमध्ये डोकावलो. म्हटलं, एकदाची शंका फिटू दे. बुटकी स्टेपनी होती तिथेच, भिंतीला टेकलेली. पुसून लख्ख केलेल्या टायरच्या खाचांत डोंगरावरची पिवळी माती होती.

मी अंगठ्यानं खरवडली. ओली होती.

मग सगळा तळवा टायरवर ठेवला...

टायर कोमट होता.