आग्वा चिकाचं हरवलेलं पाणी

"नाचो, हलू नकोस," योली म्हणाली.

नाचो जागच्या जागी थिजला. काखेत पामच्या वाळक्या झावळ्यांचा भारा, एक पाय हवेत. "विंचू आहे का?" त्याने ओठ न हलवता विचारलं.

"चतुर आहे. तुझ्या टोपीवर बसलाय. लालभडक."

"चतुर? आणि मी इथे मरायच्या तयारीला लागलो होतो." नाचोने भारा खाली टाकला. चतुर उडाला, कोरड्या तळ्यावरून एक गिरकी मारून गेला आणि उत्तरेकडे दिसेनासा झाला.

ओडेल तोवर सावलीत बसून फॉइलमधला बरितो, राजमा भरलेली पोळीची गुंडाळी, सोलत होता. "त्यात काय बघायचंय? वाळवंटात किडे असतातच."

"चतुर पाण्यात अंडी घालतो. पाण्यापासून फार लांब जात नाही," योली म्हणाली. "इथे पाणी कुठे आहे?"

तिघांनीही तळ्याकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी इथे गुडघाभर पाणी असायचं. आता चिखल वाळून त्याच्या खपल्या निघाल्या होत्या. लाकडी पायवाट मधोमध मोडली होती, आणि काठावरच्या पामच्या झाडांपैकी निम्म्यांच्या माना खाली गेल्या होत्या. या पामबनाची राखण करणारी एकमेव नोकर म्हणजे योलीची आई. म्हणून वसंताच्या सुट्टीत ही तिघं तिच्या मदतीला येत. योली आणि तिचा मित्र ओडेल तेरा वर्षांचे, आणि योलीचा धाकटा भाऊ नाचो दहाचा, पण बोलायला चाळिशीचा.

मदत तरी किती दिवस करायची, हा प्रश्नच होता. गुरुवारी गावाची सभा होती. पुढच्या वीस वर्षांत आग्वा चिकाचं, म्हणजे या पामबनाचं, काय करायचं, ते तिथे ठरणार होतं. बाहेरून आलेल्या सल्लागारांनी दोन नकाशे तयार केले होते. पहिल्यात पामबनाला पुन्हा उभं करायचं, नवी झाडं, नवी पायवाट. दुसऱ्यात सरळ लिहिलं होतं, की झरा आटला आहे, तेव्हा अभयारण्य बंद करून ती जागा सपाट करावी आणि वाळूत गाड्या उडवणाऱ्या हौशी लोकांना द्यावी. पाणीच नाही म्हटल्यावर पहिल्या नकाशाला कोण हात वर करणार? योलीच्या आईने किराणा दुकानातून रिकामी खोकी आणायला सुरुवातही केली होती. नोकरी गेली तर शहरात मावशीकडे जावं लागणार होतं. त्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं, पण खोकी मात्र वाढत होती.

"आमच्या मोटेलच्या पोहण्याच्या तलावातून आला असेल तो," ओडेल म्हणाला.

"तुमच्या तलावात इतकं औषध असतं की माझे केस हिरवे झाले होते," नाचो म्हणाला. "त्यात चतुर काय, जंतूसुद्धा राहायला तयार नाहीत."

योली हसली नाही. ती आकाशाकडे बघत होती. ऊन कलायला लागलं होतं आणि डोक्यावरून होले, ती रानातली कबुतरं, चालले होते. दोन गेले, मग चार, मग आणखी दोन. सगळे उत्तरेकडे.

"होले वाळकं बी खातात," ती सावकाश म्हणाली. "त्यांना रोज पाणी प्यावंच लागतं. आई नेहमी सांगते. हे सगळे पाण्यावर चाललेत."

"उत्तरेला काय आहे? नगरपालिकेचं कोठार आणि ती मेलेली खजुराची बाग," ओडेल म्हणाला. पण बोलता बोलता त्याने उरलेला बरितो एका घासात संपवला आणि सायकल उचलली.

खजुराची बाग कित्येक वर्षं बंद होती. मालक वारला, वारस कोर्टात भांडत राहिले. रस्त्याच्या बाजूने झाऊच्या झाडांची इतकी दाट रांग होती, की आत काय चाललंय ते कोणाला दिसतच नसे. फाटक मोडून कलंडलं होतं. तिघं आत शिरली आणि उभीच राहिली.

आत हिरवंगार होतं. खजुराची झाडं तजेलदार, त्यांच्या पायाशी कमरेइतकं गवत. पलीकडे उथळ पाण्यात बोरूचं उंच गवत उभं होतं आणि त्यात बेडूक असे काही ओरडत होते, की जणू त्यांचीच सभा भरली होती.

"मेलेली बाग म्हणे," नाचो म्हणाला, आणि दोन पावलं पुढे टाकताच गुडघ्यापर्यंत चिखलात गेला.

त्याला ओढून काढून तिघं पाण्याच्या कडेकडेने वर चालत गेली. बागेच्या टोकाला, कोठाराच्या कुंपणाला लागून एक सिमेंटचा चौकोनी हौद होता. एका बाजूने जमिनीखालून त्यात पाणी येत होतं. बाहेर पडायला दोन तोंडं होती. एक बागेकडे, सताड उघडं. दुसरं जरा खालच्या पातळीवर, त्यावर जाड फळी बसवलेली, तिच्यावर बोटभर शेवाळ.

"ते बंद तोंड कुठल्या दिशेला आहे?" योलीने विचारलं.

ओडेलने सूर्याकडे पाहिलं, मग हात लांब केला. हात सरळ पामबनाकडे गेला.



"पावसाचं साठलेलं असेल," ओडेल हात खाली घेत म्हणाला. "जानेवारीत पडला होता ना."

"बघू या. हात घाल," योली म्हणाली.

ओडेलने हात घातला आणि चमकून मागे घेतला. "गरम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बुधवारी, गारठा असतानाच तिघं योलीच्या आईचा थर्मामीटर घेऊन परत आली. आईच्या जुन्या नोंदवहीत योलीने रात्री शोधून ठेवलं होतं, की पामबनाचा झरा उन्हाळा असो वा हिवाळा, नेहमी एकशे एक अंश फॅरनहाइटवर वाहायचा. थर्मामीटरचा पारा चढत गेला आणि बरोबर एकशे एकवर थांबला.

"झऱ्याला कायमचा ताप आहे," नाचो म्हणाला. "म्हणूनच कोणी त्याच्या जवळ जात नाही."

तिथून तिघं थेट कोठारात गेली. गावच्या पाण्याचं काम हॅस्केल नावाच्या गृहस्थांकडे होतं. ते आपल्या ट्रकमध्ये, एसी लावून, सँडविच खात बसले होते. योलीने सगळं सांगितलं. तिचं बोलणं संपेपर्यंत त्यांनी काच अर्धीच खाली केली होती.

"पावसाचं पाणी आहे ते," ते म्हणाले.

"पण ते गरम आहे, मिस्टर हॅस्केल. एकशे एक अंश."

"उन्हात तापतं. आणि तुम्ही तिथे गेलातच कशाला? साप आहेत. सल्लागारांनी तळ्यावर येऊन मोजणी केली, झरा आटलाय असं लिहून दिलं. ती शिकलेली माणसं आहेत."

"त्यांनी तळं मोजलं. झरा कुठे मोजला?"

काच वर गेली.

दुपारी ओडेल सायकल दामटत आला. "बागेच्या फाटकाला साखळी लावली हॅस्केलनी. नवीकोरी. कुलूपसुद्धा." तो दम खायला थांबला. "योली, त्यांना आठवलंय काहीतरी. सकाळी माहीत नव्हतं, आता आठवलंय."

संध्याकाळी योलीने आईला सगळं सांगितलं. आईने नोंदवही मांडीवर घेऊन जुने आकडे पुन्हा एकदा चाळले.

"मी नगरपालिकेची नोकर आहे," अखेर ती म्हणाली. "उद्या सभेत मी हॅस्केलच्या विरुद्ध उभी राहिले, तर नोकरी वाचवायला बोलतेय असंच सगळे म्हणतील. पण सभेचा एक नियम आहे. गावात राहणाऱ्या प्रत्येकाला तीन मिनिटं बोलता येतं. वयाची अट कुठे लिहिलेली नाही."

"तिघांची मिळून नऊ," नाचो म्हणाला.

"तुझी तीन तूच मोजून वापर," आई म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी हसली.

ओडेल मात्र दाराच्या चौकटीला टेकून नखं खात होता. त्याच्या बाबांना गाड्यांचं मैदान हवं होतं. मोटेल निम्मं रिकामं होतं.

"तू नाही बोललास तरी चालेल," योली त्याला म्हणाली.

"चालणार नाही," ओडेल म्हणाला. "हात मी घातला होता पाण्यात."

गुरुवारी चार वाजता सभागृह भरलं. महापौर प्रुइटबाई चष्मा नाकावर सरकवून नावं पुकारत होत्या. पहिल्या रांगेत बर्निसआजी बसल्या होत्या. त्यांचे पूर्वज गाव वसायच्या कितीतरी आधीपासून या पामबनातली फळं वेचत आले होते. सल्लागारांनी त्यांना एक शब्दही विचारला नव्हता.

आधी नाचो उठला. "मी थोडक्यात सांगतो. बेडूक खोटं बोलत नाहीत," असं म्हणून तो बसला. सभागृहात हशा पिकला. मग ओडेलने बागेची हकिगत सांगितली. सांगताना त्याने बाबांकडे पाहिलं नाही. हशा थांबला.

"ते पावसाचं पाणी आहे," मागून हॅस्केल म्हणाले. "पोरांना सुट्टीत उद्योग नाही."

योलीची पाळी होती. तिच्या हातात लिहिलेला कागद होता, पण तिने तो घडी करून ठेवला.

"मिस्टर हॅस्केल, समजा ते साठलेलं पाणीच आहे. मग हौदातली फळी काढली तर काय होईल?"

"काही होणार नाही. थोडं सांडेल आणि संपेल."

"म्हणजे नुकसान काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग चला, सगळ्यांसमोर काढू या. दहा मिनिटांचं चालणं आहे. कुलपाची किल्ली तुमच्याच पट्ट्याला आहे, कारण कुलूप कालच लागलंय."

हॅस्केल यांचा हात पट्ट्यावरच्या किल्लीकडे गेला. प्रुइटबाईंनी चष्मा काढला. "किल्ली घ्या, हॅस्केल," त्या म्हणाल्या. "मलाही पाय मोकळे करायचेत."

अख्खं गाव बागेत आलं. हिरवळ पाहून पुढचे थबकले, मागचे त्यांच्यावर आदळले. हॅस्केल यांनी पहार लावून फळी उचकटली. तिला चिकटलेलं शेवाळ सोलून निघालं आणि खालची लाल रंगातली अक्षरं दिसली. प्रुइटबाईंनी वाकून ती मोठ्याने वाचली.

"'तात्पुरती. नळ दुरुस्त झाला की काढणे.' खाली तारीख आहे. तीन वर्षांपूर्वीची. आणि ही सही तुमची."

पाणी गुरगुरत दुसऱ्या तोंडात शिरलं.  हॅस्केल यांची मान शेंदरी झाली होती.

आता सगळे पामबनाकडे धावले. तळ्याच्या काठावर नळाचं गंजलेलं तोंड होतं. त्याच्याभोवती गाव गोळा झालं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. नळाच्या तोंडातून एक भुंगा बाहेर आला, गर्दी पाहून परत आत गेला.

वीस मिनिटं झाली. एक-दोन जण घड्याळं बघायला लागले. योलीने वाकून नळाच्या तोंडात पाहिलं. तीन वर्षांत नळ कुठे फुटला असला तर? गाळाने बुजला असला तर? तिने आईकडे पाहिलं. आई नळाकडे बघत होती, हाताची घडी घट्ट.

"घाई कशाला?" बर्निसआजी घडीच्या खुर्चीवर बसत म्हणाल्या. "लांबून यायचंय त्याला. आणि त्याला कोणी बोलावून तीन वर्षं झाली."

मग नळ खोकला. आधी धुरळा आला, मग वाळक्या पानांचा बोळा, त्यामागून तो बिचारा भुंगा, मग काळा चिखल. चिखल पातळ होत गेला. आणि अचानक मनगटाएवढी धार तळ्यात कोसळली, वाळक्या खपल्यांवरून धावत सुटली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पाहतात तर ओडेलचे बाबा.

प्रुइटबाईंनी तिथेच मत घ्यायचं ठरवलं. पण त्याआधी नाचो पुढे झाला. "एक मिनिट. माझी अडीच मिनिटं शिल्लक आहेत. सगळं पाणी इकडे आलं, तर तिकडच्या बेडकांचं काय?"

योली चपापली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. चुकून का होईना, तीन वर्षांत तिकडेही एक जग वसलं होतं.

"फळी पूर्ण काढायचीच कशाला?" ती विचार करत म्हणाली. "थोडं पाणी तिकडे, बाकीचं इकडे. दोन्ही जागा जोडून एकच पामबन करता येईल. पक्षी बघायला लोक लांबून येतात. त्यांना राहायला मोटेल लागेलच."

"लागेल, लागेल," ओडेलचे बाबा घाईघाईने म्हणाले.

हात वर झाले. मोजायची गरजच पडली नाही.

बर्निसआजींनी तिघांना जवळ बोलावलं. "आम्हाला लहानपणी शिकवायचे, की पाणी सापडेनासं झालं तर पाखरांना विचारावं," त्या म्हणाल्या. "शिकलेली माणसं ते विसरली. तुम्ही विसरला नाहीत. शाब्बास." मग त्या योलीच्या आईकडे वळल्या. "आणि हे कोणी शिकवलं, ते मला दिसतंय." आईने मान दुसरीकडे फिरवली. डोळ्यांत धूळ गेली म्हणाली.

शुक्रवारी सकाळी दारावर थाप पडली. योलीने दार उघडलं. पायरीवर हॅस्केल उभे होते, टोपी हातात.

"मी विसरलो होतो," ते म्हणाले. "वादळात नळ फुटला, दुरुस्त केला आणि फळी विसरलो. परवा तुम्ही सांगितल्यावर आठवलं. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. तुमच्याशी मी बरोबर वागलो नाही."

 मोठी माणसं असं बोलतात, हे योलीला ठाऊक नव्हतं.

"आता फळी किती वर ठेवायची ते ठरवायचंय," ते पुढे म्हणाले. "बेडकांना किती पाणी पुरतं, त्यातलं मला काही कळत नाही. तुम्ही दाखवाल का?"

योलीच्या मागून नाचोने डोकं बाहेर काढलं आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दाखवू. पण ट्रकमध्ये बसून दिसत नाही ते. बूट काढून चिखलात उतरावं लागतं."

हॅस्केल क्षणभर त्याच्याकडे बघत राहिले. मग ते पायरीवर बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले.

"इथे नको," योली हसत म्हणाली. "बागेपर्यंत तरी घालून चला."