एकशे सतरा आत आहे

त्या गुरुवारी दुपारी, डबा ऑफिसात राहिलाय एवढंच आईला सांगून मी घरातून निघाले. डबा खरंच राहिला होता. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली एक जुनी फ्लॉपीही होती, पण तिच्याबद्दल मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

सत्त्याण्णवचा ऑगस्ट होता. सिल्वासाहून रोज मी नरोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात जायचे, कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून. बीएस्सी झालेली, पण मागून कोणी नुसतं ‘केतकी’ म्हटलं तरी हातातलं पेन पडायचं. काम साधं होतं. कामगार गेटवरच्या फळीवरून आपल्या नंबरचा पितळी बिल्ला घेऊन आत जात आणि सुटताना परत खिळ्याला लावत. वॉचमन गजाननकाका ते कागदावर उतरवत, मी तो कागद कॉम्प्युटरवर चढवत असे. आग लागली तर आत माणसं किती हे कळावं, म्हणून कोणीतरी कधीतरी बनवलेला तो प्रोग्रॅम. काळा पडदा, हिरवी अक्षरं. त्याची एक खोड होती. आत आलेला प्रत्येक नंबर बाहेर पडल्याशिवाय तो दिवस बंद करू देत नसे.

फळीवर चाळीसनंतर एकदम बेचाळीस होतं. मधला खिळा मोकळा. “मी लागलो तेव्हापासून असाच आहे,” काका म्हणायचे, आणि विषय बदलायचे.

बारा दिवसांपूर्वी, शनिवारी, माझा दिवस बंद झाला नाही. आत: एक. नंबर एकशे सतरा. बारकू, साक्रीकडचा, ठेकेदाराचा माणूस. मी मॅनेजर सावेसाहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, “भिंतीवरून उडी मारून गेला असेल गावाला. बिल्लाही नेला हरामखोराने.”

त्या गुरुवारच्या तीनच दिवस आधी, सोमवारी, वापीहून ललित नावाचा इंजिनिअर आला आणि त्याने माझ्या मशीनवर नवीन विंडोज चढवलं. तेव्हापासून जुना प्रोग्रॅम सुरूच होईना. काळी चौकट उघडायची आणि मी वाचायच्या आत मिटायची. ललितला विचारलं तर तो हसला. “बेन, ए तो गयुं समजो. शुक्रवारे आवीने बधुं साफ करी दईश.” त्याने दिलेल्या नव्या प्रोग्रॅममध्ये सगळे नंबर पहिल्यापासून सुरू झाले होते. एकशे सतरा त्यात नव्हताच. गेटवरचा त्या शनिवारचा कागदही फाईलमधून गेला होता. म्हणजे बारकू आत आला होता याचा सगळ्या जगात एकच पुरावा उरला होता, माझ्या मशीनच्या पोटात, आणि तो शुक्रवारी पुसला जाणार होता.

आणि गेटबाहेर, कडुलिंबाखाली, त्याची बायको तानूबाई रोज बसलेली असायची. रडायची नाही. मी गेले की एकच बोलायची, “मना माणूस मझारच शे, ताई. बाहेर उनाच नही.” तिचा माणूस आतच होता, बाहेर आलाच नव्हता.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. काकांनी माझ्या पर्सकडे पाहिलं.

“डबाच घ्यायचाय ना, बाय?”

“डबाच, काका.”

त्यांनी चावी दिली, आणि दुसरीकडे बघत राहिले.

मशीनं बंद असलेला तो कारखाना तुम्ही ऐकलेला नाही. रोज ज्या घरघरीत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तिथे आता पत्र्यावरून गळणारं पाणी ऐकू येत होतं. धाग्याला लावतात त्या तेलाचा गोडसर वास जिन्यात साचून राहिला होता. आभाळ इतकं भरून आलेलं, की दुपारी दोनला मला जिन्यातला दिवा लावावा लागला. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर मी सँडल काढल्या. तो नियमच होता; धूळ आत जाऊ नये म्हणून साहेबसुद्धा बूट काढूनच आत येत.

फ्लॉपी घालून मशीन चालू केलं. जुन्या पद्धतीने सुरू करायची ती फ्लॉपी. विंडोज जागं होण्याआधीच तिने मशीन ताब्यात घेतलं. खरखर... खरखर... आणि मग हिरवी अक्षरं.

आत: एक. नंबर एकशे सतरा. आत येण्याची वेळ, सकाळी सात दहा.

मी प्रिंटरला कागद लावला आणि छापायला सांगितलं. प्रिंटर किंचाळायला लागला. त्या किंचाळण्यातूनही मला जिन्यावर पावलं ऐकू आली. ओल्या चपलांची, चिकटून सुटणारी. ती दारापर्यंत आली. थांबली. कोणीतरी एक चप्पल काढली... मग दुसरी. अगदी हळू, साहेबाच्या खोलीत शिरताना काढतात तशी.

मी मागे पाहिलं नाही. पाहूच शकले नाही. तेलाच्या वासात आता गंजाचा आणि कोंडलेल्या पाण्याचा वास मिसळला होता, आणि तो माझ्या खांद्याशी उभा होता.

प्रिंटर थांबला. कागदावर विभागाचा रकाना होता. ठेकेदाराच्या माणसांचा विभाग मी कधीच भरत नसे. त्यांचे सगळे रकाने मोकळे असायचे. एकशे सतरापुढे छापलं होतं: पाण्याची टाकी.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला आणि माझ्या तोंडून किंकाळीच बाहेर पडली.

“केतकी,” सावेसाहेब. समोरच्या बंगल्यातून त्यांना जिन्यातला दिवा दिसला असावा. “कोणाला विचारून मशीन लावलंस?”

“साहेब... बारकू आत आहे.”

“तो पळालाय. मशीन बंद कर आणि कागद तिथेच ठेव.”

कागदाचं मी त्यांना काहीच बोलले नव्हते.

तुम्हाला सांगते, आयुष्यभर मी घाबरतच आले. पण त्या क्षणी पुढे साहेब होते आणि मागे तो होता, आणि त्या दोघांत मला मागच्याची भीती कमी वाटली.

“कागद मी घेऊन चाललेय, साहेब.”

“उद्यापासून येऊ नकोस.”

“उद्या येणार आहे. माझा दिवस बंद करायचा राहिलाय.”

फोन ठेवला आणि वळले. खोलीत कोणी नव्हतं. दाराबाहेर माझ्या सँडलशेजारी निळ्या पट्ट्याच्या ओल्या चपला होत्या. एक पट्टा तांब्याच्या तारेने बांधलेला.

मी अनवाणीच गेटपर्यंत पळाले. तानूबाईला टाकीचं आणि तारेचं सांगितलं. ती उठली. “मीच बांधी दिन्ही व्हती,” एवढंच बोलली आणि माझ्याआधी आत शिरली. काकांनी अडवलं नाही. पहार घेऊन तेही आले.

कारखान्यामागे, जमिनीखालच्या टाकीच्या झाकणावर सिमेंटची पोती रचलेली होती. भिजून त्यांचे दगड झाले होते. काकांनी ती एकेक ढकलली. टाकी साफ करायला साहेबांनीच त्याला आत उतरवलं होतं, हे मागाहून कळलं. तो वर आला नाही, तेव्हा वरून झाकण लावलं होतं. बारकूच्या मुठीत बिल्ला होता आणि पायात निळ्या पट्ट्याच्या चपला. एक तारेने बांधलेली.

पोलीस आले, साहेबांना घेऊन गेले. माझ्या दारातल्या चपला मग कोणालाच दिसल्या नाहीत.

शुक्रवारी मी गेले. ललितला म्हटलं, या मशीनला हात लावायचा नाही. फ्लॉपी घातली आणि एकशे सतरापुढे माझ्या हाताने लिहिलं: बाहेर. आत: शून्य. शनिवार बंद झाला. डोकं टेबलावर ठेवून मी पहिल्यांदा रडले.

डोकं वर केलं तेव्हा पडद्यावर जुनी, मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधीची एक तारीख उघडली होती.

आत: एक. नंबर एकेचाळीस.

दाराबाहेर कोणीतरी चपला काढत होतं. एक... मग दुसरी.

या वेळी मी खुर्ची दाराकडे वळवली.

“या,” म्हटलं. “नाव सांगा.”