पुसलेल्या रेघा

बुधाची सहा वर्षांची मुलगी चिमी ज्याने उचलून नेली, त्या बिबट्याला गाठण्यासाठी आम्ही तिघं विसापूर किल्ल्याच्या मागच्या घळीकडे निघालो, तो एकोणीसशे चौसष्टच्या दसऱ्याचा दुसरा दिवस होता. आम्ही तिघं म्हणजे माझा थोरला भाऊ गेणूदादा, डोंगरातल्या वाडीवरचा ठाकर बुधा आणि मी. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मुलीच्या जातीनं शिकारीला जायचं नाही, असं गावात सगळेच म्हणायचे. पण दादाची काडतुसं मीच सांभाळायची, म्हणून त्यानं मला कधी मागं ठेवलं नाही.

दादा फौजेत बंदुकांच्या दुरुस्तीखात्यात होता. आमच्या गावी, भाज्याला, परत आला तेव्हा शेतीच्या राखणीसाठी रायफलचा परवाना मिळाला, पण विलायती काडतुसं बाजारातून जवळजवळ नाहीशी झालेली. मग उडालेल्या काडतुसांची पितळी नळकांडी आम्ही घरीच पुन्हा भरायचो. बुडाशी ठिणगी देणारी टोपी बसवायची, सोनाराच्या काट्यावर बंदुकीची दारू तोलायची, वर गोळी दाबायची. नळकांडं एकदा उडालं की मी त्यावर सुईनं एक रेघ ओढायची. पाच रेघा झाल्या की ते बाद. पितळ थकतं, असं दादा म्हणायचा.

"स्फोटाचा दाब डोळ्यांना दिसत नाही, रतने," तो सांगायचा. "पण खुणा ठेवतो. टोपी चपटी झाली, नळकांडं बाहेर काढायचा दांडा अडला, की हात आवरायचा."

बुधा दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर आला. बसला नाही.

"भाऊ, त्यो घळीपल्याडच्या कपारीत उनाला बसतो. म्या पायलाय. पर तितं जाता येत न्हाई. हिकडनंच मारावा लागंल."

"किती लांब?"

"लय लांब. हाक पोचंल, धोंडा न्हाई पोचायचा."

दादा विचारात पडला. एवढ्या अंतरावर आमची नेहमीची गोळी खाली पडायची. ती सरळ जायला वेग हवा, वेगाला दारू जास्त हवी, आणि जास्त दारूला हवं नवंकोरं पितळ. पहाटे त्यानं काटा मांडला आणि हात पुढे केला.

"रतने, एक-दोन रेघांचीच दे हं."

मी डबा उघडला. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची म्हणून घरातल्या समया-तांब्यांबरोबर ती नळकांडीही मी चिंच आणि विटेची पूड लावून घासली होती. सगळी सोन्यासारखी झळकत होती. रेघ एकावरही उरली नव्हती. कुठलं किती वेळा उडालंय, कळायला मार्ग नव्हता.

खरं सांगितलं असतं, तर दादा थांबला असता. पुण्याहून नवी मिळेपर्यंत आठ-पंधरा दिवस गेले असते. दारात बुधा उभा होता. त्याच्या खांद्यावर चिमीचं परकराचं फडकं होतं.

"ही घे," मी म्हणाले. "नवीच आहेत."

दादानं चार काडतुसं भरली. माझ्या शब्दावर.

ऑक्टोबरचं ऊन सकाळीच चटके देऊ लागलं. पुरुषभर उंच कारवीच्या झुडपांतून बुधा कोयत्यानं वाट काढत होता. पुढे घसरड्या मुरमाचा उतार लागला. माझा पाय सुटला! बुधानं मनगट पकडलं नसतं, तर मी तळाशीच गेले असते.

"ताई, खाली बगू नगंस. डोंगराकडं तोंड कर." आणि मग दादाकडे वळून, "भाऊ, तुजी भैन बकरीवानी चडती. फकस्त बकरी पडत न्हाई."

मुलगी गेल्याला चार दिवस झालेल्या त्या माणसानं मला धीर यावा म्हणून केलेली ती थट्टा अजून माझ्या कानात आहे.

दुपार कलताना आम्ही कड्याच्या टोकाशी पालथे पडलो. खडक तव्यासारखा तापला होता. मधे खोल घळ, आणि पलीकडच्या कपारीत, पंजे पसरून, तो!

दादानं श्वास रोखला. धाड्! घळ दणाणली. बिबट्या उसळला, मागच्या पायावर कोसळला, फरफटत पुन्हा कपारीत दडला.

"लागली!" बुधा ओरडला.

दादानं दांडा ओढला. निघेना. तळहाताचा फटका मारला तेव्हा कुठं रिकामं नळकांडं बाहेर पडलं. मी ते उचललं. टोपी पैशासारखी चपटी झाली होती.

"दादा, टोपी बघ."

"बघितली. अजून एकच. जखमी सोडला तर वाडी खाऊन टाकेल तो. दे."

रेघांचं तेव्हा तरी सांगायचं. शब्द ओठांपर्यंत आले होते.

"भाऊ, उटला! उटला!" बुधा कुजबुजला.

दादाचा हात पसरलेलाच होता. मी त्यावर दुसरं काडतूस ठेवलं.

या वेळचा आवाज निराळा होता. पुढे गेला नाही, मागे आला! नळकांडं बंदुकीतच फाटलं होतं. पिवळा धूर. दादा उताणा पडला. उजव्या डोळ्याच्या जागी रक्त, नुसतं रक्त!

पलीकडे बिबट्या लंगडत उघड्या खडकावर आला होता. बुधाच्या हातात कोयता होता. घळीच्या डोक्यावरून वळसा घातला असता, तर रक्ताच्या मागानं त्यानं बिबट्याला गाठलंही असतं. बुधा उभा राहिला. क्षणभर पाहत राहिला. मग खांद्यावरचं चिमीचं फडकं काढून त्यानं दादाच्या डोळ्यावर बांधलं, कोयता तिथंच टाकला आणि दादाला पाठुंगळी घेतलं.

"चल ताई. उजेड हाय तवर."

तीन तास तो डोंगर उतरत होता. त्या मुरमाच्या उतारावर बसून, घसटत. मळवली स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या एका मालगाडीच्या गार्डनं आम्हाला आपल्या डब्यात घेतलं.

दादा वाचला. डोळा गेला. इस्पितळात चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, "रतने, किती रेघा होत्या त्याच्यावर?"

मी सगळं सांगितलं. "टोपी मीही पाहिली होती," एवढंच तो म्हणाला, आणि माझा हात धरून ठेवला. बंदूक त्यानं पुन्हा उचलली नाही.

बिबट्या त्या घळीत नंतर कुणाला दिसला नाही. मी वाडीवर गेले आणि बुधालाही खरं काय ते सांगितलं. तो दोर वळत होता. वळतच राहिला.

"माजी गेलीच व्हती ताई. भाऊ जिता व्हता."

पण त्याची बायको गंगी, ती जाईपर्यंत, बाजारात भेटली की एकच विचारायची, "ताई, त्यो मेला असंल ना?" आणि मी दरवेळी "हो" म्हणायची. नळकांड्यांबद्दल 'नवीच आहेत' म्हणाले होते, तसंच.

ते फाटलेलं नळकांडं माझ्याकडे आहे. खंडेनवमीला दादाच्या फोटोपुढे ठेवते. काळं पडलंय. सुना म्हणतात, घासून देऊ का? मी हात लावू देत नाही.