रिकाम्या हॉलचं पाणी

माझी ताई मशीन विकत नाही, निवडून देते. हा फरक ती प्रत्येकाला पहिल्याच भेटीत ऐकवते. छापखाने, दवाखाने, औषधांची गोदामं, जिथे हवा गार किंवा कोरडी ठेवावी लागते, तिथे जुनं यंत्र काढून कोणतं नवीन बसवायचं हे ती ठरवते. बहुतेक वेळा तिचं उत्तर गिऱ्हाइकाच्या अपेक्षेपेक्षा लहान असतं.

"मोठं घेतलं की निर्धास्त, असं सगळ्यांना वाटतं," ती म्हणते. "मोठं मशीन खोली चटकन गार करतं आणि थांबतं. ओलावा ओढायला त्याला वेळच मिळत नाही. मग बसा गार आणि ओल्या हवेत, तळघरात बसल्यासारखे."

इतक्या वर्षांत तिने कुणालाही गरजेपेक्षा मोठं मशीन सांगितल्याचं मला आठवत नाही. त्यावरून तिची गिऱ्हाइकं तुटली, पण शब्द बदलला नाही.

वर्तमानपत्राची नोकरी सोडल्यावर मी एक खोली भाड्याने घेतली. टेबल, कपाट, माझी खुर्ची आणि समोर पाहुण्यांसाठी एक. पाहुणे येत नाहीत. मी दार लावून एकटा लिहीत बसतो. उन्हाळ्यात तिथे जीव नकोसा होतो, म्हणून ताईला बोलावलं. आल्या आल्या तिने पाहुण्यांच्या खुर्चीत अंग टाकलं आणि पाय माझ्या कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवले.

"शोरूमवाला म्हणाला, एवढ्याशा खोलीला सगळ्यात लहान एसी पुरेल," मी म्हणालो.

"शोरूमवाल्याने खोली मोजली. मी तुला मोजणार." तिने उष्णता आणि ओलावा मोजणारा, काडेपेटीएवढा एक सेन्सर कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. "माणूस नुसता बसला तरी दिव्यासारखी उष्णता देतो, बातमीदार. श्वासातून, घामातून पाणी देतो. मशीन भिंतींसाठी नसतं, बसणाऱ्यांसाठी असतं. हे इथेच राहू दे, हात लावू नकोस."

"माझं वजन वाढलंय, तेही सांगेल का हे?"

"ते मला दारातूनच दिसलं."

मग मी तो सेन्सर विसरून गेलो, कारण ताईबरोबर एका हॉलच्या कामावर जायला लागलो. मला त्या हॉलवर एक लेख लिहायचा होता.

हॉल जुना, सहाशेच्या आसपास खुर्च्यांचा. खुर्च्यांची हिरवी मखमल हातांच्या जागी झिजून पांढरी पडलेली. बैठका स्प्रिंगच्या, माणूस उठला की आपोआप वर मिटणाऱ्या. छत मात्र पाहत राहावं असं: लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून जोडलेल्या, होडी उपडी घातल्यासारख्या. रंगमंचावर कुजबुजलेलं शेवटच्या रांगेत ऐकू यायचं ते त्या छतामुळे. हॉल कित्येक वर्षं बंद होता. आता तिथे गाण्यांचं ध्वनिमुद्रण होणार होतं. एका वेळी फार तर साठ माणसं. आवाजासाठी बऱ्या म्हणून खुर्च्या तशाच ठेवल्या होत्या.

एक वयस्क सुतार चार महिने परांचीवर आडवा पडून छताची पट्टी न् पट्टी पुन्हा चिकटवत होता. हवा फार दमट झाली तर सरस सुटणार, फार कोरडी झाली तर लाकूड फाटणार. चुकीचं मशीन निवडलं तर छत गेलं, आणि छताबरोबर ताईचं नाव.

साठ माणसांचा हिशोब सोपा होता. ताईने लहान मशीन ठरवलं. हॉलचा मॅनेजर खूश झाला. लहान मशीन लवकर येणार होतं. पण ऑर्डर देण्याआधी ताईची एक पद्धत असते. खोली बंद करायची, जुनं मशीन चालू ठेवायचं आणि त्याच्या नळीतून पडणारं पाणी मोजायचं. थंड कॉइलवर हवेतला ओलावा जमतो आणि थेंबथेंब बाहेर येतो. रिकाम्या, बंद हॉलचं पाणी एकदोन दिवसांत आटायला हवं.

ते आटलं नाही. दुपारी तासाला दोन बादल्या भरू लागल्या.

ताई खवळली, म्हणजे अगदी शांत झाली. तिने छप्पर तपासलं, तळघर तपासलं, पाण्याच्या नळ्या बंद करून पाहिल्या. भिंतींवर प्लास्टिकचे तुकडे कडेने चिकटवले. भिंतीतून ओल येत असेल तर प्लास्टिकच्या आतून थेंब धरतात. सगळे कोरडे ठणठणीत. सेन्सर बदलले. नव्यांनीही तेच सांगितलं.

"भिंतीचं पाणी असतं तर दिवसभर आलं असतं," ती म्हणाली. "हे तीननंतर सुरू होतं, सहाला थांबतं. भिंतीला वेळ कळत नाही."

सुतार डबा धूत होता. "म्हणून तर मी जेवणानंतर वर चढत नाही, बाई. उकडतं."

"एवढंच?"

"आणि हातोडी मारायला संकोच वाटतो."

"कुणाचा हो?"

"तेच तर," सुतार म्हणाला आणि डबा पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं हॉलमध्ये शेवटच्या रांगेमागे उभे राहिलो. ताईने रांगारांगांत सेन्सर टांगले होते, एक बाहेरच्या दालनातही. मांडीएवढ्या उंचीच्या स्टुलावर लॅपटॉप. दारं बंद, दिवे सगळे चालू. हवेत सरसाचा आणि जुन्या मखमलीचा वास. सगळ्या बैठका मिटलेल्या.

तीन वाजून गेल्यावर आधी दाराजवळचे आकडे चढले.

मग मधल्या रांगांचे. मग पुढचे. सगळे एकदम नाही. इकडे थोडे, तिकडे थोडे, जशी माणसं नंबर शोधत आत येतात. रंगमंचावर काहीच हललं नाही.

"दारातून हवा येत असेल," मी म्हणालो.

"दारं मी स्वतः टेपने बंद केलीयत," ताई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. का, ते मी विचारलं नाही. माझाही आला होता.

माझ्या मानेला घाम फुटला. मागे नळीतून पाणी पडायला लागलं, आधी थेंब, मग धार. एकही बैठक उघडली नव्हती.

बऱ्याच वेळाने आकडे अचानक उतरले, आणि बाहेरच्या रिकाम्या दालनाचा सेन्सर चढला.

ताई लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत राहिली.

"मध्यंतर," ती म्हणाली.

थोड्या वेळाने दालन निवलं. हॉल पुन्हा भरला.

ताईने शेवटच्या रांगेतल्या खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला. लगेच उचलला.

"माफ करा," ती हलकेच म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी एकटा असतो तर पळालो असतो. खरं म्हणजे तिने माझी बाही धरली नसती तर पळालोच होतो. ती मात्र थांबली, शेवटचा आकडा उतरेपर्यंत. मग तिने बादल्या मोजल्या, गुणाकार केला, तो पुन्हा तपासला. घाबरली नव्हती असं नाही. आकडा लिहिताना पेन्सिल दोनदा मोडली.

सकाळी मॅनेजरच्या टेबलावर नवी निवड होती. तिप्पट मोठं मशीन.

"मॅडम, थट्टा करताय का?" मॅनेजर म्हणाला. "तुम्हीच सांगितलंत ना, मोठं मशीन ओलावा काढत नाही? छत सडेल म्हणालात!"

"हो. हॉल रिकामा असेल तर."

"मग भरतोय कोण? साठ माणसं!"

"मी लेखी देते. छताची एक पट्टी जरी सुटली तरी जबाबदारी माझी. त्यानंतर मी या कामात राहणार नाही."

मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. पण लेखी मिळत होतं, त्याने सही केली.

पहिलं ध्वनिमुद्रण दुपारी होतं. वादक, गायक, तंत्रज्ञ धरून साठही नव्हते. ताईचा हिशोब चुकला असता तर मशीन काही मिनिटांत थांबलं असतं, हवा दमट झाली असती आणि वरचा सरस सुटू लागला असता. सुतार दाराशी मान वर करून उभा होता. टोपी हातात चुरगाळलेली.

तीन वाजले. मशीनचा आवाज जड झाला.

ते थांबलं नाही. तासन् तास पूर्ण ताकदीने चालत राहिलं आणि आर्द्रतेचा काटा जिथे हवा तिथेच टेकून राहिला. वर एकही पट्टी करकरली नाही. गाणं संपलं तेव्हा शेवटचा सूर त्या छताखाली इतका वेळ राहिला की तंत्रज्ञ मुद्रण थांबवायचं विसरला. सुतार छताकडे बघून एकदाच हसला.

"लहान घेतलं असतं तर?" मॅनेजरने विचारलं.

"छत गेलं असतं," ताई म्हणाली.

मी आयुष्यभर नेमकेपणाच्या बढाया मारल्या. खरा नेमकेपणा मी तिथे पाहिला: जे पटत नाही तेही मोजायचं, आणि मोजलं की मान्य करायचं. मी लेख छताबद्दल लिहिला. बरा झाला.

नंतरच्या आठवड्यात ताई माझ्या खोलीवर आली. कॅलेंडरच्या खिळ्यावरचा सेन्सर काढला, लॅपटॉपला जोडला. मी तिला हॉलबद्दल छापून आलेलं वाचून दाखवत होतो. ती ऐकत नव्हती.

"दिवसभर कुणी येतं का रे तुझ्याकडे?"

"काळं कुत्रंसुद्धा नाही. म्हणून तर कामं होतात."

"दार लावून बसतोस?"

"कडी घालून. का?"

तिने कागदावर मशीनचा नंबर लिहून दिला. मी पाहिला. शोरूमवाल्याने सांगितलेल्यापेक्षा मोठं होतं.

"ताई, एकट्याला एवढं? तू तर कधीच मोठं सांगत नाहीस."

"नाहीच सांगत," ती म्हणाली आणि पर्सची चेन लावली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आल्यापासून ती उभीच होती. पाहुण्यांची खुर्ची तिच्या शेजारीच होती, आणि जाताना ताई त्या खुर्चीला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून गेली.